मुक्त छायाचित्रसंग्रहांचें परीक्षण : सातारा-सांगलीच्या दृष्टीनें

१

मराठ्यांच्या इतिहासाचीं अस्सल साधनें छापून काढण्याच्या कामांत सातारा-सांगलीच्या प्रांताचा वांटा मोठा आहे. कै. वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस राहून पटवर्धनी दप्तरांतील पत्रें १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नांवानें प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, तो वाईस सांपडलेल्या कागदांवरून. कै. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं साताऱ्यास राहून कागद व चित्रें या दोहोंचाहि आयुष्यभर संग्रह केला. या तिघांच्या पद्धतींत पुष्कळ अंतर होतें. तथापि कागद कोणत्या घराण्यांतून आला, तो अस्सल कीं नक्कल, हें विचारल्याशिवाय त्यावर विसंबूं नये, हा दंडक त्यांच्या व त्यांच्या समकालीनांच्या परिश्रमानें आपल्या अंगवळणीं पडला.

छायाचित्रांच्या बाबतींत मात्र हा दंडक आपण पाळला नाहीं. ज्या संशोधकानें मोडी पत्राची मिति, शिक्का व मोर्तब यांची कसून छाननी करावी, त्यानेंच ग्रंथाच्या आरंभीं कोठून तरी मिळालेलें एखादें छायाचित्र लावावें व खालीं एक नांव छापून मोकळें व्हावें, असें वारंवार झालें आहे. छायाचित्र हें शोभेचें अंग, पुरावा कागदाचा, अशी समजूत यास कारण झाली असावी. ती समजूत आतां टाकून देण्याची वेळ आली आहे. कारण गेल्या वीस वर्षांत युरोप-अमेरिकेंतील मोठमोठीं ग्रंथालयें, दप्तरखाने व वस्तुसंग्रहालयें यांनीं आपलीं जुनीं छायाचित्रें आंतरजालावर सर्वांस मोफत खुलीं केलीं. त्यांच्या वर्णनांत भर घालण्याचें, चुका दुरुस्त करण्याचें व तीं विषयवार लावण्याचें काम हजारों हौशी स्वयंसेवक विनावेतन करीत आहेत. आणि या सांठ्यांत महाराष्ट्राचीं छायाचित्रेंहि आहेत. हा उपक्रम इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरतो, आणि सातारा-सांगलीकडील संग्राहकांनीं त्यापासून काय घ्यावें व काय टाळावें, याचें परीक्षण करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

२

प्रथम या उपक्रमाचें स्वरूप सांगितलें पाहिजे. अमेरिकेच्या काँग्रेस-ग्रंथालयानें जानेवारी २००८ मध्यें आपल्या संग्रहांतील तीन हजारांवर छायाचित्रें ‘फ्लिकर’ या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर ठेविलीं. ‘कोणतेंहि ज्ञात स्वामित्वबंधन नाहीं’ एवढाच शेरा त्यांवर होता. पाहणाऱ्यानें चित्राखालीं आपली माहिती लिहावी, एवढी सोय केली होती. स्थळें ओळखणारे, यंत्रें ओळखणारे, जुनीं वर्तमानपत्रें चाळून तारीख ठरविणारे असे नाना प्रकारचे लोक पुढें आले. वर्ष संपण्यापूर्वींच ग्रंथालयानें अहवाल प्रसिद्ध केला. त्यावरून दिसतें कीं, लोकांनीं पुरविलेल्या माहितीच्या आधारें पांचशेंहून अधिक नोंदी सुधारल्या गेल्या.

या हकीकतींतील एक गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. लोकांनीं लिहिलेलें जसेंच्या तसें ग्रंथालयाच्या सूचींत गेलें नाहीं. नोकरवर्गानें तें पडताळून पाहिलें व पटलें तेवढेंच घेतलें. म्हणजे सूचना लोकांची व निर्णय जबाबदार संपादकाचा, अशी ही वांटणी होती. आपल्याकडे एखाद्या गांवच्या गृहस्थानें ‘आमच्या घरीं असा कागद आहे’ असें कळवावें आणि संपादकानें तो पाहून, वाचून, मग छापावा, त्यांतलाच हा प्रकार होय. साधनें नवीं असलीं तरी रीति नवी नाहीं.

दुसरें उदाहरण जर्मनीच्या संघराज्य-दप्तरखान्याचें. डिसेंबर २००८ मध्यें या संस्थेनें ऐंशी हजारांच्या वर छायाचित्रें ‘विकिमीडिया कॉमन्स’ या मुक्त भांडारांत दिलीं. (हें भांडार २००४ सालीं निघालें असून मराठी विकिपीडियांतील चित्रेंहि मुख्यत्वें त्यांतूनच येतात.) यांतील पुष्कळ छायाचित्रें नाझी अमदानींतील प्रचारखात्याचीं होतीं व त्यांचे मूळ मथळे पक्षपाती, कित्येकदां उघड खोटे होते. दप्तरखान्यानें काय केलें? मूळ मथळा पुसला नाहीं. तो कालाचा पुरावा म्हणून तसाच ठेविला, तो एकांगी किंवा चुकीचा असूं शकेल असा इशारा शेजारीं दिला, आणि चुका आढळल्यास कळविण्यासाठीं स्वयंसेवकांस एक जागा नेमून दिली. या रीतीनें अनेक व्यक्तींचीं व स्थळांचीं नांवें दुरुस्त झालीं.

परंतु याच प्रकरणाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. दप्तरखान्यानें घातलेली अट साधी होती : चित्र वापरा, पण दप्तरखान्याचें व छायाचित्रकाराचें नांव द्या. अनेकांनीं चित्रें घेतलीं व नांवें गाळलीं. कोणी तीं विकूंहि लागले. परिणामीं पुढील खेप संस्थेनें थांबविली. मुक्तद्वाराचें समर्थन करणाऱ्यांनीं ही गोष्ट लपवूं नये. नांव गाळणें हा केवळ शिष्टाचाराचा भंग नव्हे. नांवाबरोबर त्या चित्राचा माग नाहींसा होतो, आणि माग गेला कीं तें चित्र इतिहासाच्या कामाचें रहात नाहीं.

३

आतां महाराष्ट्राशीं थेट संबंध असलेल्या संग्रहाकडे वळूं. मुंबईचा छायाचित्रकार विल्यम जॉन्सन याचा पश्चिम हिंदुस्थानच्या छायाचित्रांचा संग्रह अमेरिकेंत डॅलस येथील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या डीगोलायर ग्रंथालयांत आहे. त्याचा एक भाग वेष व व्यक्ति यांचा. छायाचित्रांचा काळ सुमारें १८५५ ते १८६२ असा दिला आहे. विद्यापीठानें हीं छायाचित्रें कोणासहि फुकट पाहतां व उतरून घेतां येतील अशीं ठेविलीं आहेत. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली आणि जॉन्सन त्या पहिल्या मंडळींतला होता, डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हेहि त्याच काळीं या कलेंत नांवाजले होते. तेव्हां सत्तावन सालच्या आगेंमागें मराठी मुलखांतील माणसें कशीं दिसत, कशीं बसत, पागोटें कसें बांधीत, लुगडें कसें नेसत, याचा इतका जुना डोळ्यांनीं पाहतां येणारा पुरावा घरबसल्या मिळणें ही सामान्य गोष्ट नव्हे. दहा वर्षें पत्रव्यवहार करून व परदेशीं पैसे पाठवूनहि पूर्वींच्या संशोधकास यांतील चार चित्रांच्या नकला मिळाल्या असत्या किंवा नसत्या. या औदार्याबद्दल सदर संस्थेचे आभार मानणें आमचें कर्तव्य आहे.

आभार मानून झाल्यावर परीक्षकाचें काम सुरू होतें. या चित्रांचा दोष त्यांच्या मूळ हेतूंत आहे. जॉन्सननें पुढें मुंबईंतील नाना जातिजमातींवर दोन भागांचा ग्रंथ काढला. त्याचा पहिला भाग १८६३ सालीं व महाराष्ट्रासंबंधींचा दुसरा १८६६ सालीं निघाला. मनुष्य हा जातीचा किंवा धंद्याचा नमुना, या दृष्टीनें हीं चित्रें घेतलीं असल्यामुळें बहुतेक मथळ्यांत व्यक्तीचें नांवच नाहीं. ब्राह्मण स्त्रिया, परभू, वकील अशीं वर्गवाचक नांवें आहेत. समोर बसलेली बाई कोण, कोणाची, कोणत्या गांवची, हें मथळेकारास विचारावेंसें वाटलें नाहीं. मथळा खोटा नाहीं. पण तो ज्या प्रश्नाचें उत्तर देतो, तो प्रश्न आपला नव्हे.

दुसरा दोष अधिक घातक. जॉन्सनच्या सदर ग्रंथांतील चित्रें ‘जोडचित्रें’ आहेत. चित्रशाळेंत बसवून घेतलेल्या माणसांच्या आकृति कापून त्या निराळ्या ठिकाणीं घेतलेल्या देवळांच्या, रस्त्यांच्या किंवा मैदानांच्या देखाव्यावर बसविल्या आणि त्या जोडकामाचें पुन्हा छायाचित्र घेतलें. त्या काळच्या रासायनिक क्रियेस लागणारा वेळ व उन्हांतील अडचणी पाहतां यांत लबाडीपेक्षां सोयीचा भाग अधिक होता, हें मान्य. पण ज्याला हें ठाऊक नाहीं, तो मागच्या देवळावरून पुढच्या माणसांचें गांव ठरवील व फसेल. मुक्त प्रकाशनाचा खरा उपयोग येथेंच होतो. ग्रंथांतील छापील चित्र एका ठिकाणीं व सुटी मूळ प्रत दुसऱ्या ठिकाणीं, अशीं दोन्हीं सर्वांसमोर असलीं म्हणजे तींच माणसें दोन निराळ्या पार्श्वभूमींवर कशीं उभीं आहेत, हें कोणीहि ताडून पाहूं शकतो. कुलुपांत ठेविलेल्या एकाच प्रतीवरून ही चिकित्सा होऊं शकत नाहीं. पाठभेद लागण्यास जशा अनेक पोथ्या लागतात, तसेंच हें आहे.

४

मुक्त चित्रें निराधार फिरूं लागलीं म्हणजे काय होतें, याचें एक ठळक उदाहरण देतों. झांशीच्या राणी लक्ष्मीबाईसाहेबांचें म्हणून एक छायाचित्र सुमारें २००९ सालापासून वृत्तपत्रांतून व आंतरजालावर प्रसिद्ध होत आहे. तें हॉफमन नांवाच्या छायाचित्रकारानें १८५० सालीं घेतलें, असें सांगण्यांत येतें. कलकत्त्याची जॉन्स्टन आणि हॉफमन ही नामांकित पेढी १८८० नंतरच्या दशकांतली. राणी १८५८ सालीं धारातीर्थीं पडली. मग त्या पेढीनें १८५० सालीं राणीचें चित्र कसें घेतलें? हा प्रश्न विचारण्यास मोठी विद्वत्ता लागत नाहीं. लागते ती फक्त शकावली. तरीहि तें चित्र लक्षावधि लोकांनीं पाहिलें, पुढें पाठविलें व खरें मानलें. मूळ प्रत कोठें आहे, तिच्या पाठीवर काय लिहिलें आहे, ती कोणाकडून कोणाकडे गेली, यांपैकीं एकहि गोष्ट त्या फिरत्या चित्राबरोबर फिरली नाहीं.

हाच विचार साताऱ्यास लावून पाहूं. १८३९ च्या आगस्ट महिन्यांत पॅरिस येथें दागेर याची छायाचित्रणाची कृति जगजाहीर झाली, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबर महिन्यांत छत्रपति प्रतापसिंह महाराजांस इंग्रजांनीं गादीवरून दूर केलें. महाराज १८४७ सालीं काशीस कैलासवासी झाले. त्यांचे बंधु शहाजी महाराज १८४८ सालीं वारले व राज्य खालसा झालें. म्हणजे ही विद्या हिंदुस्थानांत रुजण्यापूर्वींच साताऱ्याचें राज्य संपलें. तेव्हां प्रतापसिंह महाराजांचें ‘छायाचित्र’ म्हणून कोणी कांहीं दाखवूं लागल्यास तें बहुधा एखाद्या रंगचित्राचें मागाहून घेतलेलें छायाचित्र असणार, अशी शंका आधीं घेतली पाहिजे व पुराव्याचा भार दाखविणारावर टाकला पाहिजे. रंगचित्राचें छायाचित्र निरुपयोगी असतें असें नाहीं. पण तें कशाचें चित्र आहे, हें स्पष्ट लिहिलें पाहिजे.

नोंद कशी असावी, याचा नमुना साताऱ्यास नुकताच पाहावयास मिळाला. लंडनच्या व्हिक्टोरिया व आल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें जुलै २०२४ मध्यें कराराच्या मुदतीपुरतीं येथील छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत आणण्यांत आलीं. तीं शिवछत्रपतींचीं असल्याचा मजकूर त्यांच्या पेटीवरच आहे व तीं १८१८ ते १८२२ या काळांत साताऱ्यास असलेल्या ग्रँट डफ याच्या घराण्यांतून आल्याचें नमूद आहे. लंडनच्या संग्रहालयानें हा मजकूर नोंदींत ठेविला, आणि डफच्या काळाच्या सुमारें एकशें साठ वर्षें आधीं महाराजांनीं वापरलेलीं तीं हींच, हें पडताळून पाहणें शक्य नाहीं, असेंहि त्याच नोंदींत लिहिलें. यावरून वर्तमानपत्रांत पुष्कळ वाद झाला. त्या वादांत शिरण्याचें आम्हांस कारण नाहीं. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, परंपरा एका ओळींत व तीबद्दलचा संशय दुसऱ्या ओळींत, अशा दोन्हीं गोष्टी शेजारीं ठेवणें हीच प्रामाणिक नोंद. पहिली ओळ पुसणारा परंपरेचा अपराधी, दुसरी पुसणारा इतिहासाचा.

५

आतां घरचा हिशेब. सातारा व सांगली जिल्ह्यांत छायाचित्रांचें धन थोडें नाहीं. या भागांत संस्थानें पुष्कळ होतीं आणि संस्थानिकांस या कलेचा षोक होता. औंधचे अधिपति कै. बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार. त्यांनीं १९३८ सालीं औंधास श्रीभवानी संग्रहालय उभारलें व अजिंठ्यावर सचित्र ग्रंथ १९३२ सालीं प्रसिद्ध केला. त्याच संस्थानच्या हद्दींत वसलेल्या किर्लोस्करवाडीहून १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ निघालें व तेथून निघणाऱ्या मासिकांनीं मराठी वाचकाला छायाचित्रें पाहण्याची संवय लाविली. पारसनीसांचे महाबळेश्वर (१९१६) व सांगली संस्थान (१९१७) यांवरील इंग्रजी ग्रंथ सचित्र आहेत. सांगली ही नाट्यपंढरी. नटांचीं, नाटकमंडळ्यांचीं व गवयांचीं छायाचित्रें येथील घरोघरीं असावयाचीं. शाळा, बोर्डिंगें, तालमी, सत्याग्रह व १९४२ नंतरचें प्रतिसरकार यांचीं छायाचित्रें वेगळींच.

या धनाची स्थिति काय आहे? पारसनीसांच्या संग्रहाची कथा सर्वश्रुत आहे. त्यांनीं साताऱ्यास जमविलेला ऐतिहासिक संग्रह १९३९ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. तेथें तो सुरक्षित राहिला, हें इष्टच झालें. परंतु सातारच्या अभ्यासकास सातारचें साधन पाहण्यास पुणें गांठावें लागूं लागलें. मूळ वस्तु एकाच ठिकाणीं राहणार, हें उघड आहे. तिची नक्कल मात्र दहा ठिकाणीं राहूं शकते. जें औषध १९३९ सालीं उपलब्ध नव्हतें, तें आज आहे.

आणि खाजगी घरांतील चित्रांचें काय? कृष्णाकांठच्या लोकांस हें सांगावयास नको. २००५, २०१९ व २०२१ या सालांच्या महापुरांनीं सांगलीच्या पेठांतून व नदीकांठच्या गांवांतून जें पाणी नेलें, त्यांत घरांच्या भिंतींवरील तसबिरी व ट्रंकांतील अल्बमेंहि होतीं. २०१९ च्या पुरांत सांगली नगर वाचनालयाच्या ग्रंथांची मोठी हानि झाली. छापील ग्रंथाची दुसरी प्रति कोठें तरी मिळूं शकते. घरांतल्या छायाचित्राची दुसरी प्रति बहुधा नसते. अंड्याच्या पांढऱ्या बलकावर उठविलेलीं जुनीं चित्रें पाण्यावांचूनहि पिवळीं पडून विरत जातात, कांचेचीं निगेटिव्हें हातांतून पडून फुटतात, आणि वाडा विकला जातो तेव्हां जुन्या चौकटी प्रथम भंगारांत जातात. आणखी एक नाश याहून सूक्ष्म आहे : चित्र शाबूत रहातें, पण त्यांतील माणसें ओळखणारी शेवटची वृद्ध आजी निघून जाते. त्या दिवशीं तें चित्र जॉन्सनच्या नमुन्यासारखें होतें; बाई आहे, नांव नाहीं.

६

संग्राहक मंडळींच्या ज्या हरकती आमच्या कानीं येतात, त्यांचा विचार केल्याशिवाय पुढें जाणें योग्य नाहीं.

पहिली हरकत अशी कीं, चित्र खुलें केलें म्हणजे संग्रहाची किंमत जाते. कागदांच्या बाबतींत हीच हरकत सव्वाशें वर्षांपूर्वीं घेतली जात असे. अनुभव उलट आला. पटवर्धनी दप्तराचें नांव खरेशास्त्र्यांच्या खंडांमुळें महाराष्ट्रभर झालें. छापल्यामुळें मूळ कागदाची किंमत उतरली नाहीं. ज्या संग्रहाचा उल्लेख कोणी करीत नाहीं, त्याची किंमत संग्राहकाच्या मनांतच असते.

दुसरी हरकत स्वामित्वाची. येथें एक घोटाळा नेहमीं होतो. चित्राचा कागद जवळ असणें व त्याचें कायदेशीर स्वामित्व असणें या भिन्न गोष्टी आहेत. आपल्या कायद्यानें प्रकाशित छायाचित्राचें स्वामित्व २०१२ पर्यंत प्रकाशनानंतर साठ वर्षें टिकत असे; २०१२ च्या दुरुस्तीपासून तें छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षें टिकतें. मग तें सर्वांचें होतें. शंभर वर्षांपूर्वीं प्रसिद्ध झालेल्या चित्रावर ‘सर्व हक्क स्वाधीन’ असा शिक्का मारणाऱ्यानें तो कोणत्या आधारें मारला, हें सांगितलें पाहिजे. उलट, अलीकडील चित्र छायाचित्रकारास न विचारतां भांडारांत ओतणारे उत्साही स्वयंसेवकहि तितकेच चुकतात.

तिसरी हरकत घराण्याच्या अब्रूची. आणि तीच आम्हांस सर्वांत वजनदार वाटते. कोणाची आजी, कोणाचें अंत्यदर्शन, कोणाच्या घरचा खाजगी समारंभ, हें सर्व जगासमोर मांडण्याचा अधिकार संशोधकास आपोआप प्राप्त होत नाहीं. कायदा जेथें मोकळीक देतो, तेथेंहि घरच्यांस विचारणें हा आपला धर्म आहे. अशीं चित्रें नोंदून, नक्कल करून, कांहीं वर्षें मिटून ठेवावीं. मिटून ठेवणें व नष्ट होऊं देणें यांत फार फरक आहे.

चौथी हरकत, अडाणी लोक वाटेल तें लिहितील, ही. ती खरी आहे. परंतु यावरचा उपाय लोकांस बाहेर ठेवणें हा नव्हे. डॅलसच्या किंवा लंडनच्या सूचीकारास पागोट्याची घडण पाहून पुणेरी कीं परभू हें सांगतां येणार नाहीं. वाईच्या घाटांवर वाढलेल्यास घाट सांगावा लागत नाहीं. सांगलीच्या माणसाला ठाऊक असतें कीं नदीच्या चित्रांत आयर्विन पूल दिसत असेल तर तें १९२९ च्या पूर्वींचें असूं शकत नाहीं. प्रतापगडाच्या चित्रांत महाराजांचा अश्वारूढ पुतळा असेल तर तें १९५७ च्या नंतरचें. कोयनेच्या जलाशयाखालीं गेलेलीं गांवें ओळखणारे तर आतां थोडेच उरले. हें ज्ञान कोणत्याहि सूचींत नाहीं. तें या दोन जिल्ह्यांतील माणसांच्या डोळ्यांत आहे. त्याला बाहेर ठेवून शास्त्रीयपणा साधेल, असें मानणें व्यर्थ आहे.

७

सारांश, मुक्त प्रकाशनाविषयीं आमचा अभिप्राय असा. चित्र मागाशिवाय सोडणें हें, कागद दप्तराच्या नांवाशिवाय छापण्याइतकें वाईट. पण माग पूर्ण लागेपर्यंत तें कुलुपांत ठेवणें याहूनहि वाईट. कारण माग सांगणारीं माणसें कुलुपाबाहेर असतात व तीं थांबत नाहींत. म्हणून चित्र व त्याची नोंद हीं दोन्हीं एकदमच व एकत्र बाहेर पडावीं, आणि नोंद वाढती रहावी.

हें साधण्यास फार द्रव्य लागत नाहीं, शिस्त लागते. चित्राच्या पुढच्या बाजूप्रमाणें पाठीचीहि नक्कल घ्यावी. चित्रशाळेचा छाप, शाईंतील नांव, चिकटविलेली चिठी हीं सर्व तींत यावीं. चौकट व पुठ्ठा कापूं नये. मूळ मथळा असेल तसा, चुकीसह, उतरावा. तो मथळा कोणी व केव्हां लिहिला, हें कळत असेल तर लिहावें. त्याखालीं नवी ओळख द्यावी व ती कोणी, कशावरून दिली, हें सांगावें; ‘घरांतील परंपरा’ हेंहि कारण चालेल, पण तें कारण म्हणून लिहिलें पाहिजे. दोन जाणत्यांचीं मतें भिन्न असतील तर दोन्हीं ठेवावीं. चित्र उलटें छापलें गेलें काय, म्हणजे तलवार उजव्या कमरेस दिसते काय, पाटीवरचीं अक्षरें उलटीं आहेत काय, हें पाहावें. जुनें चित्र रंगवून किंवा यंत्रानें स्वच्छ करून मूळ म्हणून कदापि देऊं नये. तसें चित्र करावयाचें असल्यास तें निराळें ठेवून त्यावर तसें लिहावें. हल्लीं संगणकाकडून जुन्या चित्रास रंग व नवे चेहरे देण्याची हौस वाढत आहे. मोडी पत्रांतील गेलेलीं अक्षरें कल्पनेनें भरून तें अस्सल म्हणून छापणाऱ्यास आपण काय म्हणालों असतों, तेंच या बाबतींत म्हणावें.

आणखी, एकाच भांडारावर भिस्त ठेवूं नये. लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयानें आपल्या संग्रहांतील हिंदुस्थानचीं अनेक जुनीं छायाचित्रें आंतरजालावर दाखविलीं होतीं. आक्टोबर २०२३ मध्यें त्या ग्रंथालयाच्या संगणकांवर चोरट्यांनीं हल्ला केला आणि त्याच्या सूची व चित्रें दीर्घ काळ लोकांस पाहतां येईनाशीं झालीं. ज्यांच्या नकला इतरत्र होत्या, तीं चित्रें अभ्यासकांच्या हातीं राहिलीं. यांत नवल नाहीं. समर्थसंप्रदायाचे ग्रंथ टिकले ते मठोमठीं नकला झाल्या म्हणून. एकाच मठाच्या पेटींत ते राहिले असते तर आज किती उरले असते, याचा विचार साताऱ्याच्या वाचकांनींच करावा.

शेवटीं काम कोणी करावयाचें, हा प्रश्न रहातो. मोठ्या संग्रहालयांची वाट पहात बसणें आम्हांस योग्य दिसत नाहीं. राजवाड्यांस कागद मिळाले ते सरकारी हुकुमानें नव्हे. गांवोगांवच्या जाणत्या गृहस्थांनीं कळविलें म्हणून. प्रत्येक तालुक्याच्या गांवीं दोन शिक्षक, एक छायाचित्रकार व जुनें जाणणारें एखादें वृद्ध माणूस एवढीं माणसें एकत्र आलीं तर एका उन्हाळ्यांत त्या गांवचीं मुख्य चित्रें नोंदून होतील. पंतप्रतिनिधींच्या औंधापासून पटवर्धनांच्या मिरजेपर्यंत, वाईपासून तासगांवापर्यंत, ज्यांच्या घरीं चित्रें आहेत त्यांनीं आधीं घरांतील वडील मंडळींस विचारून चित्रांतील नांवें कागदावर उतरावीं. नक्कल मागाहूनहि घेतां येईल, भांडारहि मागाहून निवडतां येईल. नांवें मात्र मागाहून मिळणार नाहींत.